अजिंठ्याच्या वाटेवरून थोडें बाजूस



खानदेशांत काय पाहावें असा प्रश्न कोणीं केला, म्हणजे आमच्या तोंडून एकच उत्तर येतें : अजिंठा. जळगांव स्टेशनावर उतरावें, साठ किलोमीटर मोटारीनें जावें, लेणीं पाहावीं आणि संध्याकाळच्या गाडीनें परत फिरावें. वस्तुतः तीं लेणीं ज्या डोंगरांत आहेत तो डोंगर खानदेशाच्या दक्षिण सीमेवर उभा आहे आणि लेणीं आजच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत मोडतात. तरी तीं आमचींच, असें आम्ही बेलाशक सांगतों. छत्तीस वर्षें मीं शिक्षकी केली आणि त्यांतील बहुतेक हिवाळ्यांत मुलांची सहल घेऊन मी अजिंठ्यासच गेलों. पद्मपाणीपुढें मुलांना रांगेनें उभें करावयाचें, १८१९ सालच्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अंमलदार शिकारीच्या निमित्तानें तेथें कसा पोंचला ती हकीकत सांगावयाची, मग डबे सोडावयाचे. या क्रमांत कधीं खंड पडला नाहीं.

खंड पडला तो निवृत्तीनंतर, आणि तोहि एका पत्रानें. माझा एक जुना विद्यार्थी पुष्कळ वर्षें इंग्लंडांत आहे. चाळीसगांव तालुक्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. गणितांत हुशार होता. तेथें त्याला गोल्फ खेळण्याचा नाद लागला. हा खेळ मी कधीं खेळलों नाहीं. आपल्या देशांत तो इंग्रजांच्या पाठोपाठच आला; कलकत्त्यास १८२९ त आणि मुंबईस १८४२ त त्याचे क्लब निघाले. परंतु लांब काठीनें लहानसा चेंडू दूरच्या खळग्यांत घालणें यांत काय गोडी असावी, याचा मला उलगडा होत नसे. विद्यार्थ्याच्या पत्रानें तो थोडासा झाला.

त्यानें लिहिलें होतें कीं, ह्या खेळाचें मूळ मैदान म्हणजे बागेंतील हिरवळ नव्हे. समुद्र आणि शेत यांच्यामध्यें वाळूच्या टेकाडांचा जो पट्टा असतो, जेथें नांगर चालत नाहीं आणि मेंढ्यांनीं कुरतडलेलें आंखूड गवत तेवढें वाढतें, त्या पट्ट्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. शेतीला निरुपयोगी, म्हणूनच खेळाला मोकळी. इंग्लंडांत अशा मैदानांपैकीं सँडविच, हॉयलेक, लिदम, बर्कडेल यांचीं नांवें जगभर गाजलेलीं आहेत, कारण तेथें मोठे सामने होतात. सामान्य प्रवासी तेवढींच पाहून परत फिरतो. परंतु माझा विद्यार्थी आणि त्याचे चार सोबती दर वर्षीं आठवडाभर सवड काढून मुद्दाम कमी नांवाजलेल्या ठिकाणीं जातात : नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावरील आल्नमथ, जेथें १८६९ पासून खेळ चालू आहे, डरहॅमकडील १८७४ चें सीटन कॅरू, आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळचें १८९२ चें सिलथ, जेथें एके काळीं आगगाडीनें लोक लोटत असत आणि पुढें आगगाडीच बंद पडली. डील येथें तर १९०९ आणि १९२० सालीं सर्वांत मोठा सामना झाला होता. पण पुढच्या काळांत तो मान गेला आणि गांवाचें नांवहि मागें पडलें.

ह्या सर्वांत मला मोह घालणारी हकीकत कॉर्नवॉलमधील सेंट एनोडॉकची आहे. तेथील मैदानाच्या मधोमध एक लहान जुनें चर्च आहे. वाऱ्यानें वाळू उडून उडून तें असें गाडलें गेलें कीं, चर्चचा हक्क कायम राहावा म्हणून वर्षांतून एकदां धर्मोपदेशकाला छपरांतून आंत उतरवीत असत, अशी परंपरा सांगतात. १८६४ च्या सुमारास वाळू उपसून तें मोकळें केलें. पुढें त्याच्या भोवतीं खेळाचें मैदान झालें, आणि १९८४ सालीं कवि जॉन बेट्जमन यांना त्याच्या आवारांत पुरलें. खेळणारे खेळतां खेळतां त्या भिंतीपाशीं थांबतात.

आतां पत्राचा शेवट सांगतों, कारण ह्या भाषणाचें मूळ त्यांत आहे. त्या चर्चपाशीं विसांवा घेत असतां एका इंग्रज सोबत्यानें त्याला विचारलें, "तुमच्या जिल्ह्यांत पाहण्यासारखें काय ?" तो म्हणाला, अजिंठा. "तें ऐकलें आहे. आणखी काय ?" ह्यावर त्याला उत्तर देतां येईना. घरीं गेल्यावर त्यानें पुस्तकें चाळलीं, आणि त्याला आढळलें कीं, भास्कराचार्यांच्या नातवानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगांवापासून अवघ्या दहा-अकरा मैलांवर पाटणें येथें सांपडलेला आहे. त्यानें लिहिलें : "गुरुजी, लीलावतींतलीं उदाहरणें आपण आम्हांस फळ्यावर घालून दिलींत. ती विद्या जेथें शिकवीत असत ती जागा आमच्या शेतावरून दिसणाऱ्या डोंगराच्या कुशींत आहे, हें मात्र आपण कधीं सांगितलें नाहींत."

सांगितलें नाहीं, कारण मी गेलों नव्हतों. पाटणादेवीच्या नवरात्रांतील यात्रेस घरचीं माणसें गेलीं; मला त्या दिवसांत सहामाहीचे पेपर तपासावयाचे असत. हें कारण पुरेसें नाहीं, हें मला कळतें.

गेल्या मार्गशीर्षांत मी गेलों. चाळीसगांवाहून नैर्ऋत्येकडे निघालें म्हणजे काळी जमीन हळूहळू मुरमाड होत जाते आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेचा कडा तिन्ही बाजूंनीं जवळ येतो. दरीच्या तोंडाशीं महादेवाचें एक जुनें देऊळ उंच जोत्यावर एकटें उभें आहे. तें बांधण्यास येथल्या निकुंभ घराण्यांतील इंद्रराजानें आरंभ केला, आणि त्याच्या मागें राणी श्रीदेवी हिच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. तेथील लेखांत शके १०७५ म्हणजे इ. स. ११५३ चा उल्लेख आहे. हे निकुंभ देवगिरीच्या यादवांचे मांडलिक. आंत आणखी पुढें गेलें म्हणजे देवीचें देऊळ. त्या भवानीच्या देवळांतच तो शिलालेख मिळाला. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ च्या सुमारास तो विद्वानांच्या नजरेस आणला, आणि पुढें जर्मन पंडित कीलहॉर्न यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत त्याचा पाठ काळजीपूर्वक छापला. तो छापील पाठ मीं बरोबर नेला होता. महादेवाच्या जोत्यावर बसून मीं तो सावकाश वाचला.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. त्यांत भास्कराचार्यांच्या घराण्याची नऊ पिढ्यांची माळ दिलेली आहे. मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा पुत्र आपले भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल यादवानें ह्या पाटण्याहूनच बोलावून नेऊन पंडितांचा प्रमुख केलें. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. त्यानें हा मठ स्थापिला, आणि त्याचा हेतु स्वच्छ शब्दांत सांगितला आहे : भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणि, त्यांचे इतर ग्रंथ आणि त्यांच्या वंशांतील इतरांनीं लिहिलेले ग्रंथ यांचें अध्यापन व्हावें. मठ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें भगवीं वस्त्रें येतात. हा मठ ग्रहगणिताच्या शाळेचा होता.

येथें एक गोष्ट वेळींच सांगून ठेवतों, कारण परीक्षेच्या पेपरांत ती चूक मीं शेकडों वेळां लाल शाईनें खोडली आहे. हा चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांच्या भेटीस वाघावर बसून आलेला योगी चांगदेव नव्हे. योगी चांगदेवाचें देऊळ आमच्याच जिल्ह्यांत, मुक्ताईनगराजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, आणि तेंहि पाहण्यासारखें आहे. पण माणसें दोन, काळ दोन.

दुसरा घोंटाळा अधिक नाजूक आहे. भास्कराचार्य पाटण्याचेच, असें आमच्याकडे अभिमानानें सांगतात. त्यांनीं स्वतः आपला जन्मशक १०३६ म्हणजे इ. स. १११४ सांगितला आहे, छत्तिसाव्या वर्षीं ग्रंथ रचला असें लिहिलें आहे, आणि सह्याद्रीच्या आश्रयानें असलेल्या विज्जडविड नांवाच्या गांवाचा उल्लेख केला आहे. तें गांव कोणतें यावर विद्वानांत वाद आहे. कोणी पाटण्याकडे बोट दाखवितो, कोणी बीडकडे, कोणी विजापुराकडे. शिलालेख भास्कराचार्यांचें जन्मगांव सांगत नाहीं. तो इतकेंच सांगतो कीं, मुलगा येथून बोलावला गेला आणि नातवानें येथें मठ घातला. माझ्या मतें आमच्या तालुक्याला एवढा मान पुरेसा आहे. एखाद्या थोराचा जन्म आपल्या गांवीं झाला यांत गांवाचें कर्तृत्व नसतें; त्याच्या मागें त्याचे ग्रंथ शिकविण्याची तरतूद गांवानें केली, यांत असतें.

आणि ती तरतूद कशी केली हें लेखाच्या शेवटीं आहे. वरचा सारा भाग संस्कृतांत. पण जेथें पैशांचा व्यवहार येतो तेथें लेख एकदम मराठींत बोलूं लागतो. आठशें वर्षांपूर्वींची ही मराठी, ज्ञानेश्वरीच्या ऐंशीं-पंच्याऐंशीं वर्षें आधींची. निकुंभ सोइदेवानें चंद्रग्रहणाच्या वेळीं, श्रावणी पौर्णिमेस, हें दान दिलें. त्याच्या मागें त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेंहि दिलें. ज्योतिषाच्या शाळेला देणगी, तीहि ग्रहणाच्या मुहूर्तावर ! त्या मराठी ओळींत पेठेंतील मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वांटा मठाला दिला आहे; तेलाच्या घाण्यामागें पळीभर तेल नेमून दिलें आहे. संस्कृत पंडितासाठीं आणि मराठी तेल्यासाठीं. तेल्याला आपल्याकडून काय द्यावयाचें तें कळलें पाहिजे, म्हणून त्याची भाषा दगडावर आली. मीं त्या पळीचा पुष्कळ विचार केला. रात्रीं मुलें ग्रहांचीं स्थानें घोकीत बसत असतील, तेव्हां दिव्यांत तें तेल जळत असेल.

त्या मठाचें पुढें काय झालें ? देवगिरीचें राज्य गेलें, निकुंभ गेले, आणि पाटण्याचें नगर ओस पडलें. ग्रंथ मात्र टिकले. १५८७ सालीं अकबराच्या आज्ञेनें फैजीनें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें; लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या आणि घटिकापात्रांत पडलेल्या मोत्यानें तिचा मुहूर्त चुकला, ही गोड कथा त्या भाषांतरापासून प्रसिद्ध आहे. १८१६ त जॉन टेलरचें इंग्रजी भाषांतर मुंबईंत छापलें, आणि पुढच्याच वर्षीं कोलब्रुकचें लंडनमध्यें निघालें. म्हणजे लंडनच्या दुकानांत लीलावती विकावयास आली, त्यानंतर एक वर्षाच्या आंत इंग्रजांचें सैन्य खानदेशांत उतरलें.

त्या सैन्याची एक जागाहि पाहण्यासारखी आहे, पण ती पाहून मन प्रसन्न होत नाहीं. तापीच्या कांठीं, शिरपूर तालुक्यांत, थाळनेर म्हणून गांव आहे. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. १३७० सालीं फिरोजशहा तुघलकानें मलिक राजाला ही जहागीर दिली. तो १३९९ त वारला. त्याच्या मुलानें असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसविलें, आणि थाळनेराचें वैभव तिकडे गेलें. गांवाबाहेर फारुक्यांच्या कबरी आहेत. त्यांतील एक अठपैलू घुमटी कोरीवकामामुळें डोळ्यांत भरते. नदीच्या बाजूला किल्ल्याचे अवशेष आहेत.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजीं मद्रासचा सेनापति सर टॉमस हिस्लॉप ह्या किल्ल्यापुढें आला. आदल्या डिसेंबरांत महिदपुरास त्यानें होळकरांचा पराभव केला होता, आणि ६ जानेवारीच्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला होता. थाळनेर त्यांतच आलें. परंतु किल्लेदार तुळशीराम मामा यानें किल्ला खालीं केला नाहीं. हिस्लॉपनें निरोप पाठविला कीं, प्रतिकार कराल तर बंडखोर समजूं. तोफा चालल्या. शेवटीं किल्लेदार दिंडीदरवाजांतून बाहेर आला आणि स्वाधीन झाला. कांहीं इंग्रज अधिकारी आंत शिरले. आंत अरब शिबंदी होती. त्यांची भाषा ह्यांना कळेना, ह्यांची त्यांना. शस्त्रें खालीं ठेवण्यावरून झोंबाझोंबी झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅग्रेगर तेथेंच ठार झाले. त्यावर फौज आंत घुसली आणि सुमारें तीनशें लोकांची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशीं फांशीं दिलें.

तो तर आधींच बाहेर येऊन स्वाधीन झालेला होता. तहाची खबर त्याला नीट पोंचली होती का, धन्याच्या सही-शिक्क्याचा हुकूम त्याला दाखविला होता का, हे प्रश्न तेव्हांच उपस्थित झाले, आणि ते उपस्थित करणारे खुद्द इंग्रज होते. १८१९ सालीं पार्लमेंटांत ह्या मोहिमेंतील सैन्याचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हां थाळनेरच्या फांशीमुळें हिस्लॉपच्या बाबतींत हात राखूनच आभार मानले गेले. मी इंग्रजांच्या न्यायबुद्धीचे पोवाडे गाणारांपैकीं नाहीं. सभेनें हात राखला, पण सेनापतीला शिक्षा झाली नाहीं आणि तुळशीराम मामा परत आला नाहीं. तरी वेस्टमिन्स्टरमध्यें थाळनेरचें नांव घेऊन वाद झाला, ही गोष्ट आमच्या मुलांना ठाऊक असावी. एकाच वर्षाच्या अंतरानें, पन्नास-साठ कोसांत, इंग्रजांनीं दोन गोष्टी केल्या : थाळनेरची कत्तल, आणि अजिंठ्याचा शोध. सहलीस मुलें फक्त दुसरीच्या जागीं जातात.

आणखी दोन-तीन ठिकाणें घाईनें सांगतों. पाटण्याच्या वरच्या पठारापलीकडे पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं आहेत, इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलीं, म्हणजे अजिंठ्यांतील अगदीं जुन्या लेण्यांच्या बरोबरीचीं. तेथें मिळालेली यक्षाची मूर्ति कान्हदास नांवाच्या सोनारानें घडविली असें तिच्या हातावर कोरलेलें आहे. ती आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. पारोळ्यास झांशीच्या नेवाळकर घराण्याशीं संबंध असलेल्या जहागीरदारांचा किल्ला आहे. साक्री तालुक्यांत बळसाणें येथें जुन्या देवळांचा समूह आहे. कोरीवकामाची आवड असणारानें तेथें अर्धा दिवस काढावा.

बहाळ मात्र घाईनें सोडवत नाहीं. हें गिरणेच्या कांठचें गांव, चाळीसगांव तालुक्यांतलेंच. येथें शके ११४४ म्हणजे इ. स. १२२२ चा लेख आहे. भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपति. त्यांचा नातू अनंतदेव, हाहि सिंघणाच्या पदरीं ज्योतिषी. त्यानें येथें भवानीचें देऊळ बांधलें. म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखांनीं एकाच तालुक्यांत दोन दगड मागें ठेवले. आणि बहाळचा इतिहास यादवांपाशीं सुरूहि होत नाहीं. नदीकांठीं जी पांढर आहे, ती १९५२ पासून पुरातत्त्व खात्यानें खणली, तेव्हां खालच्या थरांत तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचीं रंगीत मडकीं निघालीं. नदीपलीकडे टेकवाड्यास त्याच काळच्या लोकांचीं दफनें मिळालीं. पांढर म्हणजे काय हें शहरांतील श्रोत्यांस सांगावें लागेल : पिढ्यान्‌पिढ्या घरें पडून, राख-माती सांठून झालेली गांवठाणाची पांढुरकी जमीन. काळींत पीक येतें, पांढरींत येत नाहीं. विद्यार्थ्याच्या पत्रांतील त्या वाळूच्या पट्ट्याची आठवण मला येथें झाली. नांगराला नको असलेली जमीन तिकडे खेळासाठीं राहिली, आमच्याकडे इतिहासासाठीं. पण आमची पांढर गाड्या भरभरून शेतांत खत म्हणून टाकण्याची चाल आहे, आणि तिच्याबरोबर काय काय जातें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

हिशेब ठेवणारा एक माणूस आमच्याकडे राहून गेला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला. वाण्यांच्या वखारींतून, देशमुखांच्या माळ्यांवरून त्यांनीं कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड १८९८ त निघाला आणि पुढें एकूण बावीस खंड झाले. त्यांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या आंत, ९ जानेवारी १९२७ रोजीं, धुळेकरांनीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापिलें. इतक्या तांतडीनें स्मारक उभें करणारें दुसरें शहर मला माहीत नाहीं. धुळ्यास उतरणारा पाहुणा लळिंगचा किल्ला पाहतो. त्यानें मंडळाची पायरीहि चढावी.

माझा विद्यार्थी येत्या डिसेंबरांत येणार आहे. त्याला मीं कार्यक्रम लिहून कळविला आहे : पहिल्या दिवशीं चाळीसगांवाहून सकाळीं लौकर निघून पाटणें, पाणी आणि भाकरी बरोबर घेऊन, दुसऱ्या दिवशीं बहाळ, मग आगगाडीनें धुळें, आणि तेथून थाळनेर. वेळ उरला तर अजिंठा. त्याची मुलगी बरोबर येणार आहे. तिला मराठी बोलतां येतें, वाचतां येतें तें सावकाश. म्हणून पाटण्याच्या लेखाच्या शेवटल्या मराठी ओळी मीं मोठ्या अक्षरांत उतरून, प्रत्येक शब्दाखालीं आजचा शब्द लिहून ठेवल्या आहेत. एक-दोन शब्द मला अजून नीट लागलेले नाहींत. ते तिघे मिळून जोत्यावर बसून लावूं.